परत सरांची काळी रेघ

परत सरांनी कुणाला "तुझं चुकलं" असं म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. ते फक्त "परत" म्हणायचे, म्हणून तेच नाव त्यांना पडलं. काय चुकलं, कुठं चुकलं, ते सुधारायचं कसं, हे सांगणं म्हणजे फीमध्ये न बसणारी चैन अशी त्यांची समजूत असावी. ते मागं येऊन उभे राहायचे, हातातली लाकडी फूटपट्टी स्वतःच्याच तळव्यावर एकदा आपटायचे आणि म्हणायचे, "परत." की तुम्ही पहिल्यापासून सुरू. सोलापुरातल्या कितीतरी कचेऱ्यांमधले कारकून या एका शब्दावर घडले. त्यांतले काही आता साहेब होऊन निवृत्तही झाले, पण रस्त्यात सर दिसले की आपोआप बोटं लपवायचे.

सरांना त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं. ते पाटीवर लिहिलेलंही होतं. पण ती पाटी वाचणं सोपं नव्हतं. आधी तिच्यावर 'टायपिंग इन्स्टिट्यूट' होतं. टाइपरायटरचे दिवस संपले तसं सरांनी त्यावर पांढरा हात मारून 'कॉम्प्युटर क्लासेस' लिहून घेतलं, आणि घरोघरी कॉम्प्युटर आल्यावर पुन्हा पांढरा हात मारून 'रोबोटिक्स'. पेंटर गल्लीतला, रंगही त्याच्याकडं उरलेला. त्यामुळं दुपारचं ऊन पाटीवर आलं की तिन्ही धंदे एकदम दिसायचे. नवखा माणूस खाली उभा राहून वर बघत बसायचा आणि शेवटी खालच्या शेंगाचटणीच्या दुकानात विचारायचा, "वर नेमकं काय चालतं हो?" दुकानदार शांतप्पा कांडप यंत्राच्या आवाजावर ओरडून सांगायचे, "मला विचारू नका. मी मालक हाय जागेचा, त्या माणसाचा न्हाय."

रोबोटिक्समध्ये सर कसे आले याची कथा ते स्वतः फार भारदस्तपणे सांगायचे. त्यात 'काळाची पावलं' वगैरे असायचं. खरी गोष्ट अशी की एका शाळेच्या प्रदर्शनात त्यांनी काळ्या रेघेवरून आपोआप पळणारी छोटी गाडी पाहिली, वाकून उचलायला गेले, आणि ती बनवणारा कार्टा म्हणाला, "अंकल, हात लावू नका." बस्. ज्या माणसाच्या हाताखालून सोलापूरची बोटं गेली त्याला म्हणे हात लावू नका! आठवड्याभरात सरांनी तसली गाडी मागवली, पुरती खोलली, तीनदा चुकीची जोडली, चौथ्यांदा ती पळाली, आणि पेंटरला निरोप गेला. त्या पोरानं तोंड आवरलं असतं तर आमच्या गावात एक क्लास कमी असता.

मी त्यांच्याकडे गेले ती टायपिंग शिकायला. बी.एस्सी. झालेली, फिजिक्स घेऊन, आणि घरी बसून आईची बोलणी खाणारी. कारकुनाच्या परीक्षेला मराठी टायपिंग लागतं म्हणून गेले, तर सरांनी माझं प्रमाणपत्र नाकाजवळ नेऊन वाचलं आणि म्हणाले, "टायपिंग काय, कुणालाही येतं. तू रोबोटला बस."

"सर, पण मला नोकरीसाठी..."

"नोकरी कुठं पळून चाललीय? बस की."

मी बसले. आमच्या घरात कुणी माझं ऐकत नव्हतं, तेव्हा बाहेरच्या एकानं ऐकलं नाही म्हणून वाईट वाटायचं काही कारण नव्हतं.

माणसांची नावं लक्षात ठेवायची सरांना सवय नव्हती. टायपिंगच्या काळात ते पोरांना स्पीडनं हाक मारत. "ए तीस, पंखा बंद कर." "चाळीस कुठाय आज?" रोबोटला स्पीड नाही, मग त्यांची पंचाईत झाली. मी झाले बी.एस्सी. माझ्याबरोबर हिरेमठ बाई होत्या, एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या. शाळेला रोबोटिक्स सुरू करायचं होतं, आणि ज्या शिक्षकाला सगळ्यात कमी तास त्याला पाठवायचं या न्यायानं त्या आल्या होत्या. त्या झाल्या ड्रॉइंग. तिसरे शब्बीरभाई, रिक्षावाले. त्यांच्या मुलीला क्लास लावायचा होता, पण भाई असे कुणावर विश्वास ठेवणारे नव्हते. "पयले मैं देखता, बराबर लगा तो बेटी कू भेजता," म्हणत स्वतःच तीन महिन्यांची फी भरून बसले. ते झाले रिक्षा. हिरेमठ बाईंना ड्रॉइंग म्हटलेलं अजिबात आवडायचं नाही. त्या कन्नडमध्ये पुटपुटायच्या. सरांना कन्नड उत्तम यायचं, पण ते कळत नसल्यासारखं दाखवायचे.

आता या गाडीचं तत्त्व. ते सरांनी आम्हाला एकाच वाक्यात सांगितलं, आणि खरं सांगते, माझ्या पुस्तकांनी ते इतक्या कमी शब्दांत कधी सांगितलं नव्हतं. गाडीच्या पोटाखाली दोन डोळे. ते जमिनीवर एक प्रकारचा उजेड टाकतात, आपल्याला न दिसणारा. "पांढऱ्यावर टाकलेला उजेड माघारी येतो, काळ्यावरचा येत नाही. एवढंच रोबोटिक्स. बाकी सगळं मार्केटिंग." रेघ दोन्ही डोळ्यांच्या मधून जाते. दोघांना पांढरं दिसतंय तोवर गाडी सरळ. डाव्या डोळ्याखाली काळं आलं की डावं चाक थांबतं, गाडी डावीकडं वळते. उजव्याचं तसंच. झालं. विमान, ड्रोन, बोलणारे यंत्रमानव, याबद्दल कुणी विचारलं की सर म्हणायचे, "आधी जमिनीवर चालायला शिका." त्यापुढचं त्यांना स्वतःला येत नव्हतं, हे ते सांगायचे नाहीत.

हे तत्त्व अंगी मुरावं म्हणून त्यांनी एक प्रयोग केला. जमिनीवर काळी रेघ आखली, हिरेमठ बाईंच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि त्यांना रोबोट केलं. मी डावा डोळा, शब्बीरभाई उजवा. रेघ ज्याच्या बाजूला सरकेल त्यानं बाईंच्या खांद्याला स्पर्श करायचा आणि बाईंनी त्या बाजूला वळायचं. बाई म्हणाल्या, "हात नको. पट्टी लावा." मग भाईंच्या हातात फूटपट्टी आली. भाई इतक्या अदबीनं पट्टी टेकवायचे की बाईंना ती कळायचीच नाही. पहिल्याच वळणावर रोबोट रेघ सोडून निघाला आणि थेट माठावर गेला. माठ गेला, पाणी गेलं, आणि जुन्या लाकडी तक्तपोशीतून ते सरळ खाली. "मास्तर!" शांतप्पा खालून ओरडले, "चटणीत पाणी पडायलंय की हो!" सरांनी जमिनीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि भाईंच्या हातातली पट्टी घेऊन आपटली. "परत."

टायपिंगचा नियम त्यांनी रोबोटला जसाच्या तसा लावला होता. टाइप करताना चूक झाली तर खोडाखोड चालत नाही, अख्खा कागद नव्यानं. तसंच इथं. एक तार उलटी लागली असली तरी ती एक काढून नीट लावायची नाही. सगळी गाडी खोलायची, चाकं वेगळी, मोटारी वेगळ्या, स्क्रू बशीत, आणि पुन्हा पहिल्यापासून. शिवाय हातांकडं बघायचं नाही! जोडताना नजर समोर भिंतीवर. मी एकदा वैतागून म्हणाले, "सर, हा निव्वळ वेडेपणा आहे. एक स्क्रू सैल आहे फक्त." सर म्हणाले, "बी.एस्सी., सैल स्क्रू तुला दिसला. न दिसलेले किती हायत?" मी रागानं सगळं खोललं. आत आणखी एक सैल होता. त्याचा मला फार संताप आला.

आणि त्या रिबिनी! टाइपरायटरच्या शाईच्या रिबिनींचा सरांकडं एवढा साठा होता की टाइपरायटर परत आले असते तर ते एका दिवसात श्रीमंत झाले असते. पत्र्याच्या गोल डब्या, आत चांदीच्या कागदात गुंडाळलेली कोरी रिबीन, अजून ओलसर. सगळ्या जगात रोबोटची रेघ काळ्या चिकटपट्टीनं आखतात. ती कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. पण सर पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन रिबिनी शेजारीशेजारी ठेवून, कडेला टाचण्या मारून रेघ करायचे. "दुकानातली पट्टी दुकानदाराची. ही आपली." आमच्या सहा हातांचा रंग कायमचा काळा. मी घरी गेले की आई विचारायची, "कोळशाच्या वखारीत लागलीस का?" हिरेमठ बाईंच्या शाळेतल्या पोरांनी त्यांच्या बोटांबद्दल काय काय कविता केल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सर मात्र खिशात सुद्धा एक रीळ ठेवायचे, लोक पानाची डबी ठेवतात तसं. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाला खाली एक काळा गोल होता.

असं सगळं मजेत चाललं असताना शांतप्पांनी जागा मागितली. त्यांच्या चटणीला आता पुण्याबिण्याकडून मागणी येत होती, त्यांना वरची खोली पॅकिंगला हवी होती. माणूस वाईट नव्हता, दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला. दुसरी जागा सरांना परवडणारी नव्हती. मुलगा बेंगळुरात होता, चांगल्या कंपनीत, त्याचा रोज फोन, "बाबा, बास झालं, इकडं या, आराम करा." हा आराम काय असतो ते सरांनी एकदा जाऊन पाहिलेलं होतं. "चौदाव्या मजल्यावर गॅलरी हाय. सूनबाई खुर्ची टाकून देते. खाली बघत बसायचं. संध्याकाळी खुर्ची आत घेते. मी त्या खुर्चीबरोबर आत." हे सांगताना ते हसायचे, पण पट्टी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली असायची. या माणसाला मरणाची भीती नव्हती, गॅलरीची होती.

तेव्हा वाट काढली हिरेमठ बाईंनी. त्यांच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब, चादरींचे मोठे कारखानदार. समोरच्या संस्थेनं रोबोटिक्स सुरू केल्यापासून त्यांना झोप नव्हती. बाईंनी शब्द टाकला. अण्णासाहेब क्लासवर आले, माठाच्या जागी ठेवलेल्या स्टीलच्या पिंपाकडं बघून नाक मुरडलं, पण गाडी रिबिनीवरून सुळकन वळताना पाहून खूश झाले. म्हणाले, "सर, स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर करून दाखवा. जमलं, तर शाळेतली कोपऱ्यातली खोली तुमची. शिकवा तुम्हाला हवं तोवर." सर त्या दिवशी जिना उतरून त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मी त्यांना कुणालाही सोडायला गेलेलं कधी पाहिलं नव्हतं. वर आले आणि म्हणाले, "बी.एस्सी., गॅलरी टळली."

इथवर ठीक होतं. पण अण्णासाहेबांना एक कल्पना सुचली. मोठ्या माणसांना कल्पना सुचली की खालच्यांनी सावध व्हावं. "सोलापुरात रोबोट पळणार आणि तो पुठ्ठ्यावर? छे! सोलापुरी चादरीवर पळाला पाहिजे! माझ्या कारखान्यातल्या." खास मोठी चादर विणायची, पांढरी, आणि तिच्यात विणलेलाच काळा रस्ता. नक्षी काढायचं काम हिरेमठ बाईंना. बाईंच्या अंगात जी काय कला इतकी वर्षं वह्यांमध्ये कोंडली होती ती सगळी त्या चादरीवर उतरली. चार कोपऱ्यांत चार मोर, मध्ये कमळ, आणि त्यांच्यामधून लपेटदार काळा रस्ता. सरांनी कागदावरची नक्षी पाहून मान डोलावली. मी म्हणाले, "सर, चादर आधी मागवून घेऊ. एकदा गाडी चालवून बघू."

सर म्हणाले, "काळं ते काळं. रोबोटला काय कळतंय कुणाच्या दुकानातलं हाय ते."

शिवाय अण्णासाहेबांना चादर सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं उलगडायची होती. ती आधी दाखवली तर कौतुक कसलं! एका साध्या स्क्रूसाठी अख्खी गाडी तीनदा खोलायला लावणारा हा माणूस, पण अध्यक्षांसमोर एकदा "दाखवा तरी" म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. खोली हवी होती ना. मी तेव्हाही चिडले होते, आता आठवलं की आताही चिडते.

संमेलनाचा दिवस उजाडला. शाळेचा हॉल गच्च भरलेला, पहिल्या रांगेत सोफे. सरांनी नवा सदरा घातला होता, आणि खिशात रीळ, म्हणजे नव्या सदऱ्याचाही निकाल लागलेला. शब्बीरभाई मुलीला घेऊन आले होते. व्यासपीठावर लाकडी फळ्या, त्यांच्यावर अण्णासाहेबांनी चादर उलगडली आणि शिपायानं कडेनं टाचण्या मारून ती ताणून बसवली. टाळ्या पडल्या. चादर खरोखर देखणी होती, खोटं कशाला बोलू. रस्ता असा काळाभोर की वाटावं आत्ताच डांबर ओतलंय. "पक्का रंग!" अण्णासाहेब माइकवर म्हणाले. "शंभर धुण्यांना हलायचा नाही!" आणि सरांनी गाडी रेघेवर ठेवली.

गाडी सरळ गेली. वळण आलं, गाडी सरळ. काळा रस्ता ओलांडला, मोराच्या पिसाऱ्यावरून गेली, चादर संपली, आणि शब्बीरभाईंनी धावत जाऊन धरली म्हणून खाली पडली नाही. लोक हसले. सर म्हणाले, "परत." माइक चालूच होता. साऱ्या हॉलला 'परत' ऐकू गेलं. दुसरी गाडी ठेवली. तीही सरळ मोरावर. तिसरी कमळातून थेट सोफ्याच्या दिशेनं. मागच्या रांगेतली पोरं आता एका सुरात "परत! परत!" ओरडायला लागली होती. अण्णासाहेब हसत होते, पण ते हसू नुसतं दातांचं होतं.

आणि मग सरांनी ते केलं जे जगातला दुसरा कुठलाही माणूस करणार नाही. ते व्यासपीठावर मांडी घालून बसले, बशी मागवली आणि गाडी खोलायला लागले. अख्खी. चाकं काढली, मोटारी काढल्या, स्क्रू बशीत, आणि नजर समोर भिंतीवर. बाजूला कोळीनृत्याची पोरं टोपल्या घेऊन ताटकळत होती. सूत्रसंचालिका कानाशी लागून म्हणाली, "सर, आटपा." सर ऐकतात होय! हिरेमठ बाई "अय्यो शिवने" म्हणत पदराआड गेल्या. मला वाटत होतं धरणी फाटावी आणि मला सरांसकट पोटात घ्यावी. गाडी परत जोडून झाली. जोडताना अडचण नको म्हणून त्यांनी खिशातलं रीळ काढून चादरीवर ठेवलं होतं आणि त्यातून वीतभर रिबीन बाहेर लोळत होती. सरांनी गाडी सोडली. ती पुन्हा सरळ निघाली, विणलेला रस्ता ओलांडला, आणि त्या वीतभर रिबिनीपाशी पोचताच झटकन वळली.

सर थिजले. मीही. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. आपल्याला काळा दिसणारा कापडाचा रंग त्या न दिसणाऱ्या उजेडाला पांढराच! चादर सगळा उजेड माघारी पाठवत होती, मोर, कमळ, रस्ता, सगळ्यावरून. रिबिनीच्या शाईत काजळी असते, ती उजेड गिळते. मी हे सरांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्यांना खजिना काढून दिला. दुसऱ्या क्षणी ते गुडघ्यांवर होते, चादरीच्या कडेच्या टाचण्या उपटत विणलेल्या रस्त्यावर रिबीन दुपदरी अंथरत. मी आणि शब्बीरभाईही. अर्ध्या चादरीपर्यंत पोचलो आणि रीळ संपलं. गाडी सोडली. काय पळाली! वळण, मोर, दुसरं वळण, कमळाला वळसा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शब्बीरभाईंची मुलगी खुर्चीवर उभी राहिली. रिबीन संपली तिथं गाडी रेघ सोडून निघून गेली, पण आता कुणाला त्याचं काही नव्हतं.

एवढ्यावर सर गप्प बसले असते तर? हात जोडून "अण्णासाहेबांच्या कृपेनं" म्हणाले असते तर? खोली हातात आली होती हो! पण सरांना शोध लागला होता. शोध लागलेला माणूस आणि भांग प्यायलेला माणूस, दोघांनाही समोर कोण आहे ते दिसत नाही. काळ्या हातानं माइक धरून, भर सभेत सोलापूरच्या चादरवाल्याला ते म्हणाले, "अण्णासाहेब! आपला काळा रंग काळाच नाही हो! नुसता दिसतो!"

अण्णासाहेब उठले, चादरीवर उमटलेले शाईचे गुडघे आणि पंजे पाहिले, आणि कोळीनृत्य सुरू करा म्हणाले.

खोली अर्थातच मिळाली नाही. बाहेर आल्यावर मी सरांवर ओरडले, रस्त्यात, लोकांसमोर. "काय गरज होती? नंतर सांगता आलं नसतं?" सर आपले नवीन सदऱ्याच्या खिशाकडं बघत होते. म्हणाले, "आधी विचारायचं राहिलं, आणि नंतर गप्प बसायचं राहिलं." मग, "पण वळली कशी बघितलीस?" अशा माणसाचं काय करायचं तुम्हीच सांगा.

दिवाळीला जागा सोडली. टाइपरायटर भंगारात गेले. शांतप्पांनी डोळे पुसत चटणीचा मोठा डबा सरांच्या हातात दिला आणि त्याच दिवशी वर पॅकिंगचं सामान चढवलं. रिबिनींची पेटी सरांनी मला दिली. मुलाची गाडी आली होती. सर पुढच्या सीटवर बसले, पट्टी मांडीवर. मी म्हणाले, "सर, तिकडं पण क्लास काढा." ते म्हणाले, "बघू." बघू म्हणजे नाही, हे आपल्याकडं लहान पोराला पण कळतं.

पुढच्या जूनमध्ये संस्थेनं कंपनीकडून तयार रोबोट घेतले, छापील रस्त्यासकट, आणि शिकवायला माणूस हवा म्हणून हिरेमठ बाईंनी माझं नाव दिलं. कोपऱ्यातली खोली. दारावर अण्णासाहेबांच्या नावाची पितळी पाटी. मी सरांना फोन केला. चाचरत सगळं सांगितलं. ते आधी म्हणाले, "वारा येतो का खोलीत?" मग म्हणाले, "घे. विचार कसला करतीस?" मग विचारलं, "ती चादर कुठाय?"

"शिपाई फरशी पुसायला नेणार होता. मी मागून घेतली."

"फेकू नको. पोरांना आधी ती दाखव." मागं रहदारीचा आवाज येत होता, फार खालून. "बी.एस्सी., काळं ते काळं म्हणालो मी. माझं चुकलं."

आयुष्यभर कुणालाही न सुनावलेला तो शब्द त्यांनी एकदाच वापरला, आणि तो स्वतःसाठी.

गेल्या वर्षी सर गेले. मुलाचा फोन आला. दुपारी गॅलरीत खुर्चीवर बसले होते, संध्याकाळी सूनबाई खुर्ची आत घ्यायला गेली तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी या माणसाला हसले, त्याच्या नकला करून वर्ग हसवले. त्या दिवशी मात्र घरी जाऊन पोटभर रडले. आईनं विचारलं नाही, माझ्या हातांकडं बघून ती समजली असावी. सकाळीच वर्गातल्या पुठ्ठ्यासाठी नवी रिबीन काढली होती, बोटं अजून काळी होती.

दर जूनमध्ये नव्या पोरांसमोर मी पहिल्यांदा ती चादर अंथरते. टाचण्या गंजल्या म्हणून रिबिनीला आता दोऱ्याचे टाके घातलेत. शाईचे पंजे तसेच आहेत, अण्णासाहेबांचा रंगही तसाच, त्यात शंका नाही. गाडी सोडते. ती पहिल्या मोराला वळसा घालते, कमळाला घालते, आणि सरांचं रीळ जिथं संपलं तिथं रेघ सोडून सरळ निघून जाते. पेटीत रिबिनी आहेत. उरलेली अर्धी रेघ मी कधीही पुरी करू शकेन. अजून हात होत नाही.

"मॅडम, रेघ तर दिसतेय. मग काय चुकलं?" पोरं विचारतात.

माझ्याजवळ उत्तर असतं, दोन वाक्यांचं. मी गाडी उचलते, त्यांच्यासमोर स्क्रूची बशी ठेवते आणि म्हणते, "परत."